एका दिवसाची बदली

मालिकेत गायिकेचे वडील दारू पिऊन येतात आणि तिची पेटी उचलून भिंतीवर आपटतात, तो भाग लागला तेव्हा मी मटार सोलत होते. हातातली शेंग हातातच राहिली. ज्या माणसाबद्दल हे चाललं होतं त्याने जन्मात कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. सरकारी कचेरीत कारकून होते. मुंबईत कुठली आलीय थंडी, तरी बिनबाह्यांचा स्वेटर घालायचे. मुलगी रियाजाला बसली की दाराबाहेर स्टूल टाकून पेपर वाचत बसायचे, म्हणजे आम्ही पोरं आत घुसायला नको. मालिकेत ते गिरणी कामगार झाले, गुत्त्यावर जायला लागले आणि शेवटी पेटी फोडून मोकळे झाले. मेलेल्या माणसाला काय, कोणीही उठावं आणि पाजावी.

जिच्या आयुष्यावर ही मालिका, ती गायिका आमच्याच चाळीतली. डिलाईल रोडला, तिसऱ्या मजल्यावर, आमच्यापासून दोन खोल्या सोडून. नाव घेत नाही. तिचं नाव घेतलं की लोक माझं पुढचं ऐकत नाहीत, तिचीच गाणी गुणगुणायला लागतात. ती चांगली गाते यात वाद नाही. मेहनतही भरपूर केली. पण ज्याला हालअपेष्टा म्हणतात त्या तिच्या वाट्याला आल्या नाहीत. गिरणी संपाच्या काळात अख्ख्या मजल्यावर महिन्याच्या महिन्याला पगार येणारं घर त्यांचं एकच. हा काही तिचा गुन्हा नव्हे, पण मालिकावाल्यांना तो परवडणारा नव्हता. एवढे भाग भरायचे कशाने? तेव्हा तिच्याकडे नव्हत्या त्या हालअपेष्टा त्यांनी दुसरीकडून आणल्या. आमच्या घरातून आणल्या. आणि त्या देणारी मी, पुढ्यात चिवड्याची बशी ठेवून.

त्या हालअपेष्टा माझ्या ताईच्या.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे विणकर, आणि पाळी संपवून घरी आले की भजनी बुवा. गुरुवारी तळमजल्यावरच्या खोलीत त्यांचं भजन असायचं. पेटीवर बाबा, एक पखवाज, बाकी झांजा आणि कोरस. बायकापोरींनी दारात बसून ऐकायचं अशी रीत होती. बाबांनी दोन मुलींना आत घेतलं, एक आमची ताई आणि दुसरी ती गायिका. मंडळातल्या दोघातिघांनी नाकं मुरडली, पण बाबांपुढे बोलणार कोण? बुवा ओळ सांगतो आणि मागचे ती झेलतात, असं ते गाणं. बाबांचा आवाज बसलेला असला की ते ताईकडे बघून नुसती मान हलवायचे आणि ताई ओळ उचलायची. दोघींत ताईचा आवाज मोठा आणि स्वच्छ. बहीण म्हणून सांगत नाही, ती दुसरी स्वतःच तसं म्हणायची.

मग संप झाला. पहिले दोन महिने सगळे म्हणत होते, होईल मिटेल. आईची खानावळ होती, गावाहून एकटे आलेले डझनभर गिरणी कामगार आमच्याकडे दोन वेळा जेवायचे. ते एकेक करून कोकणात निघून गेले. शेवटचा गेला त्या दिवशी आई मोठं पातेलं पालथं घालून म्हणाली, “आता रांदूचा कोणासाठी?”  बाबांच्या डोळ्यांसमोर ताई परळच्या एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जायला लागली. तेव्हा ती सोळा-सतराची असेल.

तिथलं काम म्हणजे ओळीने पाच बायका, पाच पोळपाट आणि पलीकडे गाडीच्या चाकाएवढा तवा. सकाळी आठला हजर, दुपारी तीनला सुटका. पहिल्याच आठवड्यात तव्याची कड लागून ताईच्या उजव्या हाताला, मनगटाच्या वर, चार बोटं लांब भाजलं. आईने कोरफड लावली. डाग राहिला तो राहिलाच.

त्या कँटीनमध्ये एक नियम होता आणि तो कोणी लिहून लावलेला नव्हता. पोळपाट रिकामा दिसता कामा नये. तुम्हाला यायला जमत नसेल तर घरातली दुसरी कोणी पाठवा, मॅनेजर तोंड वर करून बघणारही नाही. पण जागा रिकामी राहिली की दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी बाई उभी. बाहेर रांगच होती, गिरणगावातल्या निम्म्या घरांतल्या बाया काम शोधत फिरत होत्या. आम्हाला याचं काही नवल नव्हतं. गिरणीत हेच चालायचं. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर एका दिवसापुरता उभा राहतो तो बदली. बाबांनीही सुरुवातीची कितीतरी वर्षं बदलीतच काढली होती, रोज सकाळी दारात उभं राहायचं आणि आज कोण आला नाही याची वाट बघायची. त्यामुळे ताईच्या जागेला आमच्या घरात तोच शब्द होता.

संपाच्या दुसऱ्या वर्षी दोघींना रेडिओच्या आवाज-चाचणीचं बोलावणं आलं. अर्ज बाबांनीच भरले होते, एकाच शाईने, एकाच बैठकीला. चाचणीचा दिवस आला तेव्हा आई-बाबा भातकापणीला गावी गेले होते, खोलीत आम्ही दोघीच. ताई म्हणाली, “एक दिवस माझी बदली जाशील?” मी लगेच हो म्हटलं. तिने मला घरी आठवडाभर लाटायला शिकवलं. पहिल्या दोन-तीन दिवसांत नुसते नकाशे झाले, मग जमलं. ती म्हणाली, “गोल नसली तरी चालेल, पण हात थांबवू नको.”

आता मी का गेले नाही ते सांगते. आमच्या वर्गात दादरची एक मुलगी होती, रोज नवी रिबीन बांधणारी. मला तिच्याशी मैत्री करायची होती. मी तिला सांगून ठेवलं होतं की माझी ताई इस्पितळात कामाला आहे. तिला वाटलं नर्स, आणि मीही तसं वाटू दिलं. त्याच सुमारास तिच्या आजोबांना त्याच इस्पितळात ठेवलं आणि ती शाळेआधी आईबरोबर कँटीनमध्ये चहाला जायला लागली. चाचणीच्या आदल्या दिवशी तिने हे मला सांगितलं. म्हणजे पोळपाटापुढे उभी मी तिला दिसणार. मला चौदावं वर्ष होतं. आज हे कारण लिहिताना हात आखडतो, पण एवढंच होतं, याहून मोठं कारण नव्हतं.

सकाळी ताईने उठवलं तेव्हा मी म्हटलं, माझा कान दुखतोय.

तिने निळी साडी नेसली होती. आदल्या संध्याकाळी तांब्यात निखारे घालून तिने ती स्वतः इस्त्री केली होती. ती माझ्याजवळ बसली, कान बघितला. मग पळीत तेल घेऊन त्यात लसणाची पाकळी जाळली, कोमट झाल्यावर दोन थेंब कानात घातले आणि वर कापसाचा बोळा लावला. तेवढ्यात ती दुसरी दारात आली, मागे तिचे स्वेटरवाले वडील. ताई म्हणाली, “तू हो पुढे.” ती घुटमळली. ताई पुन्हा म्हणाली, “अगं हो पुढे, उशीर होईल.” त्या दोघांची पावलं जिन्यावर वाजली. ताईने निळी साडी सोडली, घडी घातली, ट्रंकेत ठेवली, कामावरची नेसली आणि गेली. मी पांघरुणातून सगळं बघत होते.

दुपारी मी गॅलरीत पोरींबरोबर गजगे खेळत होते. ताई जिना चढताना दिसली तशी धावत आत येऊन बोळा कानात कोंबला. ती आली, म्हणाली, “दुखतोय अजून?” मी म्हटलं, दुखतोय. “कुठला?” मी हात लावून दाखवला. तिने बघितलं आणि मोरीत हात धुवायला गेली. सकाळचाच कान मी दाखवला की दुसरा, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ती दुसरी चाचणीत पास झाली, मग रेडिओ, मग गिरगावात एका कार्यक्रमात कोणीतरी मोठ्या माणसाने ऐकलं, मग कॅसेटी. चाचण्या पुढेही झाल्या. ताई म्हणायची, बघू. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. गिरणी काही उघडली नाही, बाबा एका बिल्डिंगखाली वॉचमन झाले, गुरुवारचं भजन बंद पडलं. ताईने कँटीनमध्ये अकरा वर्षं काढली, मग लग्न, मग दादरला स्वतःचं पोळी-भाजी केंद्र. कधी रडगाणं नाही. गाणंही नाही म्हणा. मी विचारायला गेले नाही आणि तिने सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता आम्ही दोघीच एकत्र राहतो. माझे मिस्टर गेले, तिचेही गेले, तिचा मुलगा पुण्याला असतो. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्यात आमच्या खोलीच्या बदल्यात घर मिळालं, एकविसाव्या मजल्यावर. भाजी मी करते, चपात्या ताई. मला लाटू देत नाही. म्हणते, तुझ्या जाड होतात.

गेल्या वर्षी ताई पंधरा दिवस मुलाकडे गेली असताना मालिकेसाठी माहिती गोळा करणारी मुलगी माझ्याकडे आली. पंचविशीची, हसतमुख, चिवडा मनापासून खाणारी. गायिकेचं बालपण सांगा म्हणाली. मी सांगितलं ते असं, स्वेटर, स्टूल, पेपर. ती लिहिता लिहिता थांबली. “काकू, स्ट्रगल काही?” मी म्हटलं, त्यांच्या घरी नव्हता बाई. “मग चाळीत कोणाचा तरी असेल ना?”

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. खानावळ सांगितली, पालथं पातेलं सांगितलं, कँटीन, तवा, हातावरचा डाग, तांब्याने इस्त्री केलेली निळी साडी. स्वतःला थांबवलंच नाही. इतक्या वर्षांत ताईबद्दल कोणी मला विचारलंच नव्हतं, आणि मला आमच्या ताईचा अभिमान होता तो असा भलत्याच ठिकाणी सांडला. त्या मुलीने विचारलं, हे आम्ही वापरलं तर चालेल ना, थोडं इकडचं तिकडे करून? मी म्हटलं, वापरा की. चाळीत आम्ही पाट, परात, पाहुण्यांसाठी गाद्या सगळं एकमेकांना द्यायचो, नाही म्हणायची सवयच नव्हती.

मग मी चाचणीच्या दिवसापर्यंत आले. बदली म्हणजे काय ते तिला समजावून सांगितलं. तिचे डोळे चमकले. “मग त्या दिवशी बदली कोण गेलं?”

मी म्हटलं, “मी.”

तेवढा एकच शब्द. बाकी दोन तास जे बोलले ते अक्षरन् अक्षर खरं होतं. मला वाटलं आता ती विचारेल, मग तुमची ताई चाचणीला गेली तर पुढे तिचं काय झालं? आणि मी पकडली जाईन. तिने विचारलंच नाही. तिला पुढचं माहीत होतं, कारण पुढचं दुसरीचं होतं. “काय सीन आहे काकू,” एवढं म्हणून ती उरलेला चिवडा कागदात बांधून घेऊन गेली.

मालिका सुरू झाली, संध्याकाळी साडेसातची. ताईला पहिल्या दिवसापासून तिचं वेड. आपल्या चाळीची म्हणून सात वाजताच भाजी उरकायला लावायची. ती खानावळ दाखवली तेव्हा म्हणाली, “आईसारखंच पातेलं घातलं बघ.” मग कँटीन आलं. नटीच्या उजव्या हाताला भाजलं, डाग मनगटाच्या वर, चार बोटं. ताईने स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ह्यांना कसं कळलं गं?” मी म्हटलं, “चपात्या लाटणाऱ्या सगळ्यांच्याच हाताला भाजतं.” ती म्हणाली, “हो, ते आहेच.”

त्यानंतर माझी पाचावर धारण बसली. गायिकेला सख्खी बहीण नव्हती. मालिकेने तिला एक दिली, दोन वेण्या घातलेली, चौदा-पंधराची, भारी गोड. ती पडद्यावर आली की मी पाणी प्यायला उठायचे. एके दिवशी “उद्याच्या भागात” म्हणून दाखवलं त्यात नटी निळी साडी नेसून उभी होती आणि ही वेण्यावाली तिच्यासमोर. म्हणजे उद्याच. मी रात्रभर विचार केला नाही की काही नाही, छान झोपले, पण सकाळपासून सुरू झाले. म्हटलं, ताई, संध्याकाळी दादरला जाऊ, फुलं आणू. म्हणाली, परवा जाऊ. म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंना बरं नाही, बघून येऊ. म्हणाली, आठ वाजल्यानंतर जाऊ. केबल गेली तर बरं असंही मनात आलं. साठीकडे झुकलेल्या बाईने मागावं असं मागणं नव्हे. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. मला एकाच गोष्टीची भीती होती. कान खोटा होता हे तिला ठाऊक नसेल, तर आज मी माझ्याच तोंडाने सांगितलेल्या खोट्यावरून तिला कळणार होतं. आणि ठाऊक असेल, तर तिच्यासमोर मी चाळीस वर्षांनी त्याचं सोनं करून घेतलं होतं. दोन्हीकडून मीच मेले.

साडेसात वाजले. ताई तिच्या खुर्चीत, मी दिवाणावर. पडद्यावर पहाट झाली, निळी साडी आली, दारात बोलावणं आलं. नटी रडवेली होऊन म्हणाली, मी कशी जाऊ, कामावर जागा रिकामी राहिली तर? मग वेण्यावाली पुढे झाली. “ताई, तू जा. चपात्या मी लाटते. आज तुझी बदली मी.” मागे सारंगी. दोघी गळ्यात पडल्या. नटी जिना उतरून धावत सुटली आणि जाहिरात लागली.

साबणाची जाहिरात झाली. चहाची झाली. ताई पडद्याकडेच बघत होती.

“बदली हा शब्द ह्या पोरांना कुठून कळणार,” ती म्हणाली.

“मी सांगितला,” मी म्हटलं. “सगळं मीच सांगितलं. तू पुण्याला होतीस तेव्हा.”

“ते कळलं मला. डाग दाखवला तेव्हाच कळलं.”

“आणि हेसुद्धा मीच सांगितलं.”

“हं.”

मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, ओरडेल, निदान उठून आत जाईल. मी मान खाली घातली होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, त्या दिवशी पांघरुणातसुद्धा नाही.

“बरं केलंस,” ताई म्हणाली. “तिथं तरी तुझा कान नाही दुखला.”

मी मान वर करून विचारलं, “तुला माहीत होतं?”

“सकाळी तेल डाव्या कानात घातलं होतं. दुपारी बोळा उजव्यात.” तिच्या आवाजात राग नव्हता. उद्या दूध किती घ्यायचं ते सांगावं तसं तिने सांगितलं.

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलून चाचणी परत झाली असती?” ती म्हणाली. “तू लहान होतीस. आणि पोळपाट रिकामा नको होता. एवढंच डोक्यात होतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बघितलं की नाही कोण जाणे. जाहिराती संपत आल्या होत्या. आमच्याकडे मालिका संपली की ती कणीक मळायला उठते. त्या दिवशी तिने खुर्चीतच पाय वर घेतले, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, “ऊठ. आजच्या चपात्या तू लाट. मला हे बघायचंय.”

मी उठले. परातीत पीठ घेतलं, मीठ घातलं, पाणी घातलं. पोळपाट ओट्यावर मांडला. बाहेर मालिकेत चाचणी सुरू झाली. कोणीतरी पेटीवर सूर दिला आणि ताईने टीव्हीचा आवाज वाढवला.